पोहता येत असल्याचा दाखला

अर्जात एक रकाना आहे : प्रवासाचा उद्देश.
तीन दिवस मी तो कोरा ठेवला.
आधी लिहिलं, साहस. खोडलं.
मग लिहिलं, मासेमारी, गळाने, हौशी.
उरकुडामामाला वाचून दाखवलं
तर बिडी जमिनीवर विझवत म्हणाला,
"हौशी कोन? मी?"

तराफा तहसीलच्या लिलावातला.
पुरात माणसं काढायला आणलेला, केशरी,
एका बाजूला 'आपत्ती' एवढंच वाचता येतं,
पुढचं व्यवस्थापन घासून गेलंय.
वासुदेव नान्हेनं पंक्चरच्या दुकानात
सात ठिगळं लावली, आठव्याचे पैसे घेतले नाहीत.
अंगणात हवा भरली त्या दुपारी
कोंबड्या त्याच्या सावलीतून हलल्या नाहीत.

चार दिवस, तीन रात्री.
पहिली रेतीवर, दुसरी महादेवाच्या पायऱ्यांवर,
तिसरी कुठं ते पाणी ठरवेल.
असं चालत नाही, वनपाल म्हणाले,
मुक्कामाचं गाव लिहा.
गाव नाही साहेब तिथं. मोहाची दोन झाडं आहेत.
त्यांनी पेन थांबवलं, खिडकीबाहेर पाहिलं,
आणि लिहिलं : मोहाची दोन झाडं.
शिक्का त्याच्यावरच पडला, जरा तिरपा.

मामानं नकाशा उलगडूच दिला नाही.
जेवता जेवता ताटात नदी काढली,
वरणाचा ओघळ वैनगंगा,
भाताची ढेकळं म्हणजे दगड.
"हा सासूचा खराळ. डावीकून घुसाचं.
उजवीकून गेलं का थे बोलते."
"आन् हा?"
"हा मुका. याले भेवाचं."
मग त्यानं मुका खळाळ कालवून खाल्ला.

धरणाच्या कचेरीत फोन लावते मी रोज.
तीन दारं अर्धा मीटर, म्हणजे सासू बोलेल.
सात दारं, म्हणजे दगडच दिसणार नाही, जायचं नाही.
सगळी बंद, म्हणजे तराफा डोक्यावर घेऊन
चार माणसं नदीतून चालत जाताना
बगळ्यांना दिसतील.

अट क्रमांक नऊ : जाळे बाळगता येणार नाही.
हे मी हळू वाचलं.
मामा काही बोलला नाही बराच वेळ.
पन्नास वर्षं डाव्या खांद्यावर जाळं,
तो खांदा उजव्याहून बोटभर खाली आहे.
"जारा नाही तं हात कुठं ठिवू?"
वल्ह्यावर, मी म्हणाले.
तो हसला नाही.

अट क्रमांक अकरा. चौघांचेही
पोहता येत असल्याचे दाखले जोडावेत.
माझा कॉलेजचा, तेजरामचा पोलीस भरतीचा,
वासुदेवनं कुठून आणला ते विचारलं नाही.
मामाकडे आधार कार्ड, जन्म एक जानेवारी,
आमच्या ढिवर मोहल्ल्यातली अर्धी माणसं
एक जानेवारीलाच जन्मलेली आहेत.
"पवता येते याचा कागद?
मंग चालता येते याचा बी मांगत असतीन."

शेवटी ग्रामपंचायत.
सरपंच प्रतिभाताई दिघोरे, चश्मा कपाळावर,
अर्ज वाचून खाली ठेवला.
सहा वर्षांच्या होत्या, घाटावर पाय सटकला होता,
केसांना धरून बाहेर काढलं होतं कोणी तरी.
मामाकडे पाहिलं नाही त्यांनी.
लेटरहेडवर दोनच ओळी :
सदर इसमास पोहता येते.
प्रत्यक्ष पाहिले आहे.

आता गांडुळं पत्र्याच्या डब्यात, ओल्या मातीत.
कणकेच्या गोळ्या, हळद, मीठ, तिखट.
मरळ लागली तर तिखट जास्त लागेल.
दोऱ्या, टॉर्च, परवान्याच्या तीन प्रती प्लास्टिकमध्ये,
आणि मामाची जाळं विणायची बांबूची सुई.
ही कशाला?
"जारा नको म्हन्ला ना. सुई नको कोन म्हन्ला?
तुया तराफ्याले आठवा ठिगर पायजे."
रबराला सुई लावत नाहीत, मी सांगणार होते.

रात्री दोनला पाणी प्यायला उठले
तर अंगणात, हवा भरलेल्या तराफ्यात
तो बसलेला, लुंगी गुडघ्यांवर,
एक हात बाहेर, शेणसारवणाला टेकवून,
किती गार आहे ते पाहत.

उद्देशाचा रकाना अजून कोराच आहे.
सहाला पुन्हा फोन लावायचा :
दारं किती?